नाण्यांची चवड

थंडी ओसरून उन्हाला नुकताच चटका येऊ लागला होता अशा एका रविवारी, दुपारच्या जेवणाची गर्दी सुरू होण्यास थोडा अवकाश असताना, बाजारपेठेच्या टोकाशी असलेल्या एका जुन्या भोजनगृहाच्या लाकडी जिन्यावरून तिथला एक वेटर पेल्यांनी भरलेल्या ट्रेसह खाली आला. ज्या वेगाने तो आला तो वेग त्याने स्वतः ठरवलेला नव्हता.

मागच्या मोरीत भांडी घासणारी मावशी हातातले पातेले टाकून धावली. वेटर शेवटच्या पायरीवर काचांच्या सड्यात बसला होता आणि आपल्या घोट्याकडे परक्याच्या घोट्याकडे पाहावे तसा पाहत होता.

“लागलं का रे?”

“पाय गेला, मावशी. पण तू आधी पेल्यांचं बघ. मालकीणबाई तेच विचारतील.”

“पेल्यांचं काय बघायचं? ते सुटले. तू अडकलास.”

हा मनुष्य एरवी तुरुतुरु चालत असे आणि त्यामुळे सगळे त्याला तुरतुऱ्या म्हणत. आता त्याला दोघांनी धरून बाकावर बसवले. मालकीणबाई आल्या, घोटा पाहिला, काचा पाहिल्या, आणि ज्याला विचार करायला सवड नसते त्याच्या झटपटपणाने त्यांनी निर्णय दिला.

“मावशी, आज तुम्ही हॉलमध्ये. मोरीत आचाऱ्याच्या बायकोला बोलावलंय.”

“मी? अहो बाई, मला काय येतंय त्यातलं?”

“रिकामी ताटं उचलायची, बस. राजे सांगतील तसं करा.”

इतकी वर्षे या घरात काढून मावशीने ते दालन माणसांनी भरलेले कधी पाहिले नव्हते. मोरीतल्या माणसांनी मागच्या दाराने यावे-जावे हा बाईंच्या वडिलांनी घालून दिलेला शिरस्ता होता. सकाळी टेबलांवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या तेवढ्या तिच्या परिचयाच्या. बाकी दालनाची वार्ता तिला भिंतीतल्या झडपेतून परत येणाऱ्या ताटांवरून कळायची: कोणी पाव नुसताच कुस्करला, कोणी हाडे चाटूनपुसून ठेवली, कोणी भांडणात जेवण तसेच टाकले. तिच्या हाती येई तोवर प्रत्येक गोष्ट घडून गेलेली असे.

त्या दिवशी मात्र एक गोष्ट घडायची राहिली होती, आणि तिच्याशी मावशीचा फार जवळचा संबंध होता.

या भोजनगृहात गिऱ्हाइके जी बक्षिसी ठेवत ती बारवरच्या एका लाकडी पेटीत जमा होई आणि सोमवारी सकाळी तिची वाटणी होई. वाटणीचा नियम असा की, गिऱ्हाईक ज्याचा चेहरा पाहते त्याला वाटा. आचाऱ्याचा चेहरा कोणी पाहत नसे. पण तो रुसला तर चूल रुसते, म्हणून त्याला थोडे दिले जाई. मोरीला चेहरा नव्हता आणि रुसण्याचा अधिकारही नव्हता. बक्षिसी मिळतेच, असे गृहीत धरून वेटरांचे पगार लहान ठेवलेले होते. आणि पगार लहान ठेवण्याची सवय अशी आहे की, ती एकदा घरात शिरली की ज्यांना बक्षिसी मिळत नाही त्यांच्यापर्यंतही बिनबोभाट पोचते. मावशी त्यामुळे पहाटे एका इमारतीचे जिने धुऊन मग कामावर येत असे. तिची थोरली बहीण, जिच्याबरोबर ती राहत होती, तिला म्हणायची, “तुझ्याआधी तुझे गुडघेच रिटायर होणार बघ.” अलीकडे त्या विनोदावर दोघीही हसत नव्हत्या.

वडिलांच्या पश्चात कारभार हाती घेतलेल्या मालकीणबाईंनी त्याच सकाळी सगळ्यांना बोलावून सांगितले होते की, पुढल्या महिन्यापासून पदार्थांचे दर थोडे वाढवायचे, बक्षिसी बंद करायची, तशी पाटी दारात लावायची, आणि दालनापासून मोरीपर्यंत प्रत्येकाला नीट, ठरलेला, सारखा पगार द्यायचा. मावशीने मनातल्या मनात जिन्यांना रामराम ठोकला होता. परंतु बाईंच्या वडिलांनी राजेंना शब्द दिलेला होता: तुम्ही आहात तोवर बक्षिसीला हात लागणार नाही. बापाचा शब्द मोडायचा नाही, असे मुलीने ठरवले होते. तेव्हा राजेंच्या होकारावाचून काही होणार नव्हते. आणि राजे ‘नाही’ म्हणाले होते. दुपारची जेवणे आटोपल्यावर पुन्हा बसू, तेवढा वेळ विचार करा, एवढीच मुदत बाईंनी मागून घेतली होती.

राजे म्हणजे तिथले सर्वांत जुने वेटर. डोक्यावर केस विरळ, पाठ ताठ, पावलाचा आवाज नाही. हे नाव त्यांना कोणी आणि का दिले ते कोणाला आठवत नव्हते. दुसरे एखादे नाव त्यांना शोभले असते असेही कोणाला वाटत नव्हते. पेटीतला निम्म्याहून अधिक भाग त्यांच्या टेबलांवरून येत असे हे सर्वांना ठाऊक होते, आणि वाटणीत त्यांचा हिस्साही त्याच मानाने असे. मावशीचे याबद्दल एक पक्के मत होते, आणि पांढरा एप्रन बांधता बांधता ते तिने त्यांना ऐकवलेही.

“तुमचं बरं आहे, राजे. तुम्हाला हसायचे पैसे मिळतात. मला घासायचेसुद्धा पुरते मिळत नाहीत.”

राजे तिच्या एप्रनची मागची गाठ नीट करत म्हणाले, “हसून बघा आज. दुपार उतरेपर्यंत गाल दुखतील.”

“आणि सकाळी ‘नाही’ का म्हणालात?”

“मावशी, आयुष्यभर मालकाकडे पगारवाढ मागितली नाही मी. गरजच पडली नाही. माझं काम लोकांना आवडतं, लोक ठेवून जातात. ते सोडून आता म्हातारपणी पहिल्या तारखेची वाट बघू?”

“मी बघतेच की.”

राजे दाराकडे वळले. बाहेर पहिली मंडळी आली होती.

पुढच्या काही घटका मावशीने भिंतीलगतच्या टेबलाशी उभे राहून जे पाहिले त्याला तिच्यापाशी शब्द नव्हता. घासलेल्या ताटाखेरीज कशाला चकचकीत म्हणावे हे तिला माहीत नव्हते. इथे मात्र एका माणसाचे चालणे तिला चकचकीत दिसत होते. राजे घाई करत नव्हते आणि कुठेही उशिरा पोचत नव्हते. एका हातावर सूपचे वाडगे असे बसत की जणू तो हात त्याच मापाने घडवला असावा. एका टेबलावर नवरा-बायको दबक्या आवाजात भांडत होती. त्यांचे ताट तयार होऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत आलेले राजेंनी पाहिले आणि ते परत आत सरकवून ते दुसरीकडे गेले. मावशीला वाटले, विसरले. तेवढ्यात त्या बाईने नवऱ्याच्या मनगटावर हात ठेवला, आणि तिचा हात उचलला जातो न जातो तोच गरम ताट दोघांच्या मध्ये आले. एक मूल रडण्याच्या बेतात ओठ काढू लागले. रडे फुटण्याआधीच त्याच्या पुढ्यात पावाचा कडक तुकडा होता. एका बाईची शाल खुर्चीवरून घसरली. ती जमिनीला टेकलीच नाही. आणि हे करत असताना त्या माणसाचे कोणाकडेही विशेष लक्ष आहे असे दिसत नव्हते. वारा जसा कोणाला न विचारता सगळ्या खिडक्यांतून हिंडतो तसे ते टेबलांमधून हिंडत होते.

बारवर उभा असणारा वकील (हाही टोपणनावाचाच, कोर्टाची पायरी चढला नव्हता, पण वाद घातल्याशिवाय बाटलीचे बूच काढत नसे) तिच्या कानाशी पुटपुटला, “मावशी, तोंड मिटा. माशी जाईल.”

“हे रोज असंच असतं?”

“रोज. आम्हाला आता दिसत नाही.”

मावशीला त्या उत्तराचे नवल वाटले, आणि थोडी भीतीही वाटली. डोंगराच्या पायथ्याशी जन्म काढणाऱ्यांना डोंगर दिसत नाही म्हणतात, ते तिला आता खरे वाटू लागले.

कोपऱ्यातल्या टेबलावर दर रविवारी येणारा एक ठेकेदार दोन मित्रांना घेऊन बसला होता. त्याची रीत मावशीने ऐकली होती, पाहिली नव्हती. आल्या आल्या तो टेबलाच्या कडेला नाण्यांची चवड रचून ठेवी. ही राजेंची बक्षिसी. जेवताना काही उणे पडले, पाणी वेळेवर आले नाही, चमचा बदलला नाही, की तो चवडीवरचे एक नाणे उचलून खिशात टाकी. उरेल ते राजेंचे.

“राजे, लिंबू.” एक नाणे गेले. मित्र हसले.

“आणतो, साहेब,” राजे म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हलले नाही. मावशीच्या हातातली ताटे मात्र एकमेकांवर वाजली.

ठेकेदाराच्या टेबलाला लागूनच एका कुटुंबाचे टेबल होते. एक उतारवयाचा गृहस्थ, त्याची मुलगी, आणि मुलीचे ठरलेले सासू-सासरे व नवरा मुलगा. यजमान हा गृहस्थच होता हे उघड होते, कारण सर्वांत कमी तोच बोलत होता. त्याचा कोट फार काळजीने इस्त्री केलेला होता. होणाऱ्या विहीणबाई मेनू बंद करून म्हणाल्या, “आपण अख्खा मासाच मागवू या का सगळ्यांना? इथला नावाजलेला आहे म्हणतात.”

“हो, हो. मागवा की,” गृहस्थ म्हणाला.

मावशी शेजारच्या टेबलावरची ताटे उचलायला वाकली होती. तिथून तिला टेबलक्लॉथच्या खालची बाजू दिसली. गृहस्थाचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. शेवटच्या पेरापर्यंत जाई, थांबे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. तो हिशेब कितीदाही केला तरी जुळणारा नव्हता. राजे समोरच्या बाजूला उभे होते. त्यांना तो अंगठा दिसणे शक्यच नव्हते.

“मासा आज मी आपल्याला देणार नाही,” राजे म्हणाले.

“का? संपला?” विहीणबाईंनी विचारले.

“आहे. पण आजचा मासा या टेबलावर ठेवण्यासारखा नाही.” मग ते गृहस्थाकडे वळले आणि आवाज किंचित खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपतच खाली आणून, म्हणाले, “साहेब, आपण आत येताना मला बाजूला घेऊन विचारलंत ना, आज खरोखर चांगलं काय आहे म्हणून? म्हणून स्पष्ट सांगतो. मंद आचेवरची कोंबडी घ्या आणि आधी सूप. आज आचाऱ्याचा हात तिथे बसलाय.”

गृहस्थाने त्यांच्याकडे पाहिले. त्याने असे काही विचारलेले नव्हते. क्षणभर त्याचा चेहरा अनोळखी गावात उतरलेल्या माणसासारखा झाला. मग टेबलाखालचा अंगठा थांबला.

“हो,” तो म्हणाला. “विचारलं होतं खरं.”

“बघा,” होणारे व्याही बायकोला म्हणाले, “माणूस चोखंदळ आहे. आपण नुसतं नावावर जातो.”

मावशीला पहिल्यांदा काही उमगेना. सकाळी माशांची पाटी तिनेच धुतली होती. कल्ले लालभडक होते, डोळे टपोरे. इतका ताजा मासा कित्येक दिवसांत आला नव्हता. हा माणूस चक्क खोटे बोलतो आहे आणि तेही स्वतःच्या पोटावर पाय देऊन. कारण बिल मोठे तर बक्षिसी मोठी, एवढे तिलाही कळत होते. मग तिची नजर पुन्हा त्या थांबलेल्या अंगठ्यावर गेली. गिऱ्हाइकाला वाढतात हे तिला माहीत होते. गिऱ्हाइकाला असे झाकतात, हे तिने पहिल्यांदा पाहिले.

पण ते शब्द आणखी एका माणसाने ऐकले होते, आणि त्याच्या पुढ्यात अर्धा खाल्लेला मासा होता.

“राजे,” ठेकेदाराने हाक मारली. सगळ्या दालनाला ऐकू जावी अशीच मारली. “इकडे या. त्यांच्या टेबलावर ठेवण्यासारखा नाही, तो मासा माझ्या टेबलावर कसा आला?”

चमचे थांबले. गृहस्थाने मान वळवली, आणि मावशीने पाहिले की त्याला सगळे समजले आहे. त्याच्या मुलीला समजले नव्हते. पाहुण्यांना समजले नव्हते. राजेंनी एक वाक्य बोलायचा अवकाश होता: साहेब, मासा उत्तम आहे, मी त्यांना सहज तसे म्हणालो. मग पुढचा प्रश्न विहीणबाईंनी विचारला असता.

“चूक झाली, साहेब,” राजे म्हणाले. “आपल्यालाही द्यायला नको होता.”

“म्हणजे मला शिळं खायला घातलंत.”

“माझी चूक झाली.”

ठेकेदाराने चवड मुठीत घेतली आणि एकेक नाणे सावकाश कोटाच्या खिशात सोडले. प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकू येईल याची त्याने काळजी घेतली. मग म्हणाला, “बाईंना बोलवा.”

मालकीणबाई आल्या. ऐकून त्या गोंधळल्या. “पण मासा तर आज सकाळीच...”

“बाई,” राजेंनी त्यांचे वाक्य मध्येच तोडले. या घरात त्यांनी मालकांचे वाक्य तोडलेले कोणी ऐकले नव्हते. “माझ्याच्यानं चूक झाली आहे. माशाचे पैसे माझ्याकडून धरा.”

परत गेलेल्या ताटाचे पैसे वेटरने भरायचे, हाही जुनाच शिरस्ता. बाईंनी मान डोलावली. ठेकेदाराचे समाधान झाले नव्हते. त्याला मित्रांपुढे एक शेवटचे वाक्य हवे होते. मावशी ताटांचा ढीग घेऊन जवळच उभी होती. तिच्याकडे हात करून तो म्हणाला, “म्हातारे झालात, राजे. आता यांच्यासारखी मोरीत भांडी घासा.”

“ते मला जमायचं नाही, साहेब,” राजे नम्रपणे म्हणाले. “अवघड काम आहे ते.”

मावशी तशीच उभी राहिली. तिचे डोळे भरले असते, पण हात रिकामे नव्हते.

त्यानंतरही ती दुपार जशी सुरू होती तशी सुरू राहिली, आणि तिला सर्वांत जास्त थक्क केले ते यानेच. अपमान झालेला मनुष्य निदान थोडा वेळ तरी वेगळा चालतो. राजे वेगळे चालले नाहीत. सूप आले, कोंबडी आली, पाहुण्यांनी यजमानाच्या निवडीची वाखाणणी केली, विहीणबाईंनी होणाऱ्या सुनेच्या ताटात स्वतः एक तुकडा वाढला. बिल आले तेव्हा गृहस्थाने ते ताठ मानेने भरले. जाताना, सगळे दारापाशी गेल्यावर, तो एकटा मागे वळला आणि खिशात उरलेली चिल्लर त्याने राजेंच्या हातावर ठेवली. राजेंनी चिल्लर घेतली आणि एखाद्या सावकारापुढे लवावे तितकेच लवून म्हणाले, “पुन्हा या, साहेब.”

स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात मावशीने त्यांना गाठले.

“मासा ताजा होता.”

“होता.”

“तुम्हाला कसं कळलं त्यांचं? टेबलाखाली तर मी बघत होते.”

“मेनू वाचताना माणूस डावीकडून उजवीकडे बघतो, मावशी. ते नुसते उजवीकडेच बघत होते. उजवीकडे भाव असतात.”

“बरं, ते असू दे. पण एवढं सोसून वर त्यांची चिल्लर कशाला घेतलीत? घरी जायला बसचे तरी राहिले असतील का त्यांच्याकडे?”

राजेंनी क्षणभर तळहाताकडे पाहिले. “घेतली नसती, तर मी कीव केली असं त्यांना वाटलं असतं. घेतली म्हणून ते गिऱ्हाईक राहिले.”

मावशी बोळातल्या भिंतीला टेकली. तिला एकदम दमल्यासारखे झाले. फार उंच काहीतरी पाहण्यासाठी बराच वेळ मान वर करून ठेवली की जसे होते तसे.

जेवणे आटोपली. टेबले पुसली गेली. दालनाच्या खिडक्यांतून उन्हाचे लांबट तुकडे जमिनीवर पडले होते आणि त्यांच्या कडेने सगळे बसले: आचारी, वकील, बाकावर पाय पसरून तुरतुऱ्या, मावशी, आणि किंचित अंतर ठेवून राजे. मावशी त्या दालनात खुर्चीवर बसण्याचा हा पहिलाच प्रसंग. ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती.

वकिलाने अर्थातच आधी तोंड उघडले. “माझं म्हणणं सरळ आहे. बक्षिसी गेली की चुरस गेली. चांगलं वाढा नाहीतर आपटून ठेवा, पगार तोच. मग राजेंसारखा माणूस पुन्हा घडणार कसा?”

“राजेंना बक्षिसीनं घडवलं होय?” तुरतुऱ्या बाकावरून म्हणाला. “मग मलाही तीच मिळते. मी कुठे घडलो? मी जिन्यावरून पडलो.”

हसू आले तसे विरले. मालकीणबाई म्हणाल्या, “सगळ्यांचं ऐकते. मावशी, तुमचं ठाऊकच आहे. तुम्ही हो म्हणणार.”

“म्हणणार होते, बाई,” मावशी म्हणाली. “सकाळी माझ्या गुडघ्यांसाठी म्हणणार होते. आता राजेंसाठी म्हणते.”

“त्यांच्यासाठी?” वकील उसळला. “अहो, त्यांचं उत्पन्न निम्म्यावर येईल.”

“आज किती आलं?”

बाई थोड्या कोरडेपणाने म्हणाल्या, “आज त्यांची चूक झाली, मावशी.”

मावशीने राजेंकडे पाहिले. राजेंनी मान हलवली. नाही, सांगू नका. ती हालचाल इतकी बारीक होती की सकाळची मावशी ती पाहू शकली नसती.

“चूक होती का काय होतं, ते त्यांचं त्यांना माहीत,” ती म्हणाली. “मी एवढंच सांगते. इतकी वर्षं मला इथून परत येणारी ताटं तेवढी दिसायची. आज पुढे काय जातं ते बघितलं. माझ्या जन्मात मी असं काम बघितलं नाही. आणि ज्या कामाला मी हात जोडले असते, त्याला आज दंड झाला. कोण ठरवतं हे? तो चवड रचणारा?”

“तसे लोक थोडे असतात, मावशी,” राजे प्रथमच बोलले. त्यांचा आवाज शांत होता, पण त्यात समजूत घालण्याचा सूर होता, आणि समजूत ते कदाचित स्वतःचीच घालत होते. “बाकीचे हात चांगले असतात. मनापासून देतात.”

“असतील की. पण हात चांगला का वाईट, ते तुम्हाला जेवण उरकल्यावर कळतं. घरभाडं आधी कळतं.”

“मी कुणापुढे हात पसरला नाही कधी.”

“नाही पसरलात. पण ती चवड तुम्ही दर रविवारी बघत उभे राहिलात, राजे.” हे म्हणताना तिचा आवाज उतरला, आणि तिला जे म्हणायचे नव्हते ते म्हणावे लागल्यासारखे तिने खाली पाहिले. “मला ते बघवलं नाही. तुमच्यासारख्या माणसाला कोणी लिंबासाठी नाणी उचलून दाखवावीत, हे मला तरी बघवलं नाही.”

मालकीणबाई काही बोलू पाहत होत्या. आचाऱ्याने, जो सहसा कोणत्याच वादात पडत नसे, हात वर करून त्यांना थांबवले. उन्हाचा एक तुकडा सरकत राजेंच्या बुटापर्यंत आला होता. बूट जुने होते आणि त्यांना केलेले पॉलिश नवे होते.

राजे त्या उन्हाकडे पाहत होते. त्यांच्यासमोर जे होते ते लहान नव्हते. ज्या बळावर त्यांनी मालकापुढे कधी मान तुकवली नाही, मुलाचे शिक्षण केले, स्वतःला नोकर न मानता कारागीर मानले, ते सगळे त्यांना या वयात काढून ठेवायचे होते, आणि तेही वर्षानुवर्षे ज्यांना वाटा नाकारला त्यांच्या सांगण्यावरून.

“बाई, पगार सगळ्यांना सारखा म्हणालात,” त्यांनी शेवटी विचारले. “मोरीलासुद्धा?”

“मोरीलासुद्धा.”

“आणि परत आलेल्या ताटाचे पैसे?”

बाई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, “ते हॉटेलचे. वेटरचे नाहीत.”

“बरं.” राजे उठले. ज्या खुर्चीवर बसले होते ती त्यांनी टेबलाखाली नीट सरकवली, टेबलक्लॉथचा दुमडलेला कोपरा सरळ केला. “शब्द तुमच्या वडिलांनी मला दिला होता. तो मी परत करतो.”

“राजे, नीट विचार करा,” बाई हळूच म्हणाल्या. “तुमचं नुकसान होईल.”

“होईल,” राजे म्हणाले. “पण रास्त हेच आहे.”